शालीवरचा डाग

मराठी माणसाची आणि काश्मिरी शालीची गाठ दोन प्रसंगी पडते. सत्काराच्या वेळी श्रीफळाबरोबर ती खांद्यावर येते, हा एक प्रसंग. कोणी गोड शब्दांत वर्मी टोला हाणला की आपण म्हणतो, "चांगला शालजोडीतला दिला!", हा दुसरा. शालीच्या मऊ घडीत गुंडाळून जोडा मारावा, अशी ही कल्पना आहे. घेणाऱ्याला आधी लागतो तो स्पर्शाचा मऊपणा, आणि मार मागाहून कळतो. हा शब्दप्रयोग ज्याने प्रथम केला त्याच्या मनात शालीचा इतिहास नव्हता हे उघड आहे. पण तो इतिहास वाचताना आम्हांस हाच शब्दप्रयोग वारंवार आठवला. कारण जगाने शालीचा मऊपणा घेतला आणि मार विणकराच्या वाट्याला आला.

आजच्या विषयाचा मूळ प्रश्न असा आहे. एखादी वस्तू उंची आहे, तिचे मोल मोठे आहे, तिचे काम निर्दोष आहे, एवढ्यावरून ती घडवणाऱ्याचे जिणे कसे असेल याविषयी काही अनुमान करता येते काय? याची दोन सोपी उत्तरे नेहमी ऐकू येतात. पहिले असे, की महाग वस्तू घेणारा कारागिराला पोसतो; म्हणून उंची वस्तू विकत घेणे हे एका परीने पुण्यकर्मच आहे. दुसरे याच्या अगदी उलट, की सारी ऐश्वर्याची वस्त्रे गरिबांच्या घामातून निघतात. तेव्हा त्यांचे कौतुकच नको. आम्हांस ही दोन्ही उत्तरे पुरी वाटत नाहीत. काश्मिरी शालीची हकीकत नीट पाहिली तर एक तिसरे उत्तर हाती लागते, आणि ते अधिक अडचणीचे आहे. ते पुढे येईलच. आधी वस्तू पाहू.

शाल कशी होत असे

लडाख आणि पश्चिम तिबेट यांच्या सीमेवर चांगथांग नावाचे उंच, उजाड पठार आहे. तेथील शेळ्यांच्या अंगावर हिवाळ्यात राठ केसांच्या खाली एक अतिशय तलम लोकर येते. तिला पश्म म्हणतात. उन्हाळ्याच्या तोंडावर ही लोकर विंचरून काढतात. लडाख आणि तिबेट यांच्यात १६८४ साली तिंगमोसगांग येथे तह झाला, त्यानंतर ही लोकर लेहमार्गे श्रीनगरलाच जावी अशी व्यवस्था पक्की झाली. म्हणजे कच्चा माल एका मुलुखाचा, वाट दुसऱ्या मुलुखाची आणि हात तिसऱ्या मुलुखाचे, असा हा धंदा पहिल्यापासून होता.

श्रीनगरात लोकर आली की ती प्रथम स्त्रियांच्या हाती जाई. राठ केस एकेक करून वेचणे, तांदळाच्या पिठात घोळून लोकर साफ करणे आणि मग चरख्यावर सूत काढणे ही सारी कामे त्यांची. केसाहून बारीक असे हे सूत काढायला दिवसच्या दिवस लागत, आणि साऱ्या धंद्यात सर्वांत थोडा मोबदला याच कामाला मिळे. त्यानंतर सूत पिळणारा, रंगारी, ताणा लावणारा असे एकामागून एक हात लागत.

खरी करामत पुढे होती. नक्काश कागदावर नुसत्या रेघांनी नक्षी काढी. तराह-गुरू त्या नक्षीकडे पाहून खालच्या ओळीपासून वर, कोणता रंग किती धाग्यांवर न्यायचा ते मोठ्याने सांगे. तालीम-गुरू ते विशिष्ट खुणांनी लिहून घेई. या लिखाणाला तालीम म्हणत. विणकर नक्षी पाहून विणत नसे. तालीम ऐकून विणत असे. मागावर एक धोटा या काठापासून त्या काठापर्यंत धावत नसे. प्रत्येक रंगाचे सूत एका बारीक लाकडी काडीवर गुंडाळलेले असे, आणि ज्या ठिकाणी तो रंग हवा तेवढ्याच जागेत ती काडी फिरे. आपल्याकडे पैठणीच्या पदरावरचे मोर याच जातीच्या विणीने उमटतात; तेव्हा मराठी श्रोत्यांना ही रीत अगदीच परकी वाटू नये. भरगच्च शालीसाठी अशा चारशेपासून पंधराशेपर्यंत काड्या लागत. शालीची सुलट बाजू जमिनीकडे आणि उलट बाजू विणकराकडे असे. म्हणजे जे सौंदर्य तो निर्माण करीत होता ते काम चालू असताना त्याला दिसतही नसे. फार भारी शालीचे पाव इंच विणकामही तीन माणसांच्या दिवसभराच्या श्रमांत पुरे होत नसे, असे एका जुन्या वर्णनात नमूद आहे.

मोगल बादशहांनी या वस्त्राला मान दिला. शाल जोडीने पांघरण्याची रीत अकबराने पाडली, असे ऐने अकबरीवरून दिसते. दोन शाली पाठीला पाठ लावून शिवल्या म्हणजे उलटी बाजू झाकली जाई. आपल्या भाषेतील 'शालजोडी' याच परंपरेतील आहे. फ्रेंच प्रवासी बर्नियर १६६५ च्या सुमारास औरंगजेबाच्या स्वारीबरोबर काश्मिरात गेला होता. पाटणा, आग्रा आणि लाहोर येथे अशाच शाली काढण्याचे पुष्कळ प्रयत्न झाले, परंतु काश्मिरी शालीचा पोत आणि मऊपणा त्यांना आला नाही, असे तो लिहितो. याचे कारण काश्मीरचे पाणी असावे, अशी त्याची अटकळ होती.

पाण्याचा गुण थोडाफार असेलही. पण वर वर्णन केलेली कामाची साखळी पाहिली म्हणजे दुसरे कारण दिसू लागते. सूत काढणारीपासून रफूगरापर्यंत हे कसब शेकडो घरांत वाटले गेले होते. त्यांतील कोणतेही एक घर दुसऱ्यावाचून निरुपयोगी होते. असे कसब एका माणसाला उचलून आग्र्याला नेल्याने जात नाही. ते पिढ्यांनी साठवलेले भांडवल असते, आणि ते त्या माणसांच्या डोळ्यांत, बोटांत आणि परस्परांच्या सवयींत असते.

दाग

या भांडवलावर राज्यकर्त्यांची नजर गेली नसती तरच नवल. अठराव्या शतकाच्या मध्याला काश्मीर मोगलांच्या हातून अफगाणांकडे गेले. हाजी करीमदाद खान नावाचा त्यांचा सुभेदार १७७६ ते १७८३ या काळात होता. शालीवरील कराची जी व्यवस्था पुढे शंभर वर्षे गाजली ती त्याच्या नावावर मोडते. तिचे नाव दाग-शाल. दाग म्हणजे छाप, मुद्रा. अकबराच्या फौजेत घोड्यांना जो डाग देत तोच हा शब्द. आणि आपण मराठीत 'डागणे' म्हणतो त्याचेही मूळ तेच. मागावरच्या कापडावर सरकारी मुद्रा उठली पाहिजे, किंमत ठरली पाहिजे, आणि त्या किमतीवर कर भरला पाहिजे. मुद्रेवाचून शाल विकता कामा नये, असा नियम होता. अफगाण गेले, १८१९ साली शीख आले, १८४६ नंतर डोग्रा राजवट आली. पण दाग-शाल कचेरी तशीच राहिली.

विल्यम मूरक्रॉफ्ट हा कंपनी सरकारचा पशुवैद्य १८२२-२३ मध्ये काश्मिरात होता. शालीच्या धंद्याचे त्याने केलेले वर्णन आजही प्रमाण मानले जाते. त्या वेळी हा कर शालीच्या किमतीच्या शेकडा २६ होता. कर दिसायला व्यापारावर, पण व्यापारी तो कारखानदारावर ढकली, कारखानदार उस्तादावर आणि उस्ताद आपल्या हाताखालच्या विणकरांवर. ज्याच्या खाली कोणी उरत नाही त्याच्यावर असे ओझे येऊन थांबते. विणकराला कारखानदाराकडून आगाऊ रक्कम मिळे. आपल्याकडील ऊसतोडणी कामगार जिला उचल म्हणतात, तीच ही. उचल घेतली की माणूस बांधला गेला. ती फिटेपर्यंत त्याला दुसरा कारखाना धरता येत नसे, आणि ती फिटेल अशी मजुरी त्याला कधी मिळत नसे. भाताचा व्यापारही बव्हंशी सरकारच्याच हाती असल्याने त्याच्या मजुरीचा एक भाग भाताच्या किमतीपोटी वळता होई. खोरे सोडून जावे म्हटले तर घाटांवर चौक्या बसलेल्या, आणि परवान्यावाचून विणकराला बाहेर पडता येत नसे. तरीही लोक निसटत. १८३३ च्या सुमाराच्या दुष्काळात पुष्कळ विणकर पंजाबात उतरले आणि अमृतसर, लुधियाना, नूरपूर येथे माग लावून बसले.

१६ मार्च १८४६ रोजी अमृतसरचा तह झाला. पंचाहत्तर लाख रुपयांच्या मोबदल्यात इंग्रजांनी काश्मीर गुलाबसिंगाच्या स्वाधीन केले. त्या तहात वार्षिक खंडणीही ठरली होती : एक घोडा, शालीच्या लोकरीच्या बारा शेळ्या आणि काश्मिरी शालींच्या तीन जोड्या. शाल किती मोलाची आणि शेळी कोणत्या जातीची, याचा विचार राजकारणी पुरुषांनी तहाच्या कलमात केला. विणणाऱ्याचा उल्लेख मात्र त्या तहात कोठेही नाही.

पॅरिसचे वेड

इकडे ही अवस्था असता शालीची मागणी जगभर वाढत होती. नेपोलियनच्या मिसरवरील १७९८ च्या मोहिमेनंतर फ्रेंच अधिकाऱ्यांनी तेथील बाजारातून काश्मिरी शाली घरी पाठवल्या आणि पॅरिसच्या स्त्रियांना त्यांचे वेड लागले. सम्राज्ञी जोसेफीनच्या संग्रहात शालींची मोठी रास होती. चित्रकार ग्रो याने काढलेल्या तिच्या चित्रात तिचा झगाच शालीचा केलेला दिसतो. फ्रान्समध्ये तेर्नो नावाच्या कारखानदाराने १८१९ च्या सुमारास शेळ्यांचे कळप आणवून शाली काढण्याचा घाट घातला. स्कॉटलंडमधील पेझली गावाने काश्मिरी नक्षीच्या नकला इतक्या काढल्या, की आपण जिला कोयरी म्हणतो ती आकृती इंग्रजी बोलणाऱ्या जगात त्या गावाच्याच नावाने ओळखली जाऊ लागली.

तिकडच्या विणकरांची स्थिती चांगली होती, असे मात्र कोणी समजू नये. रेशमी कापडाचे माहेरघर असलेल्या ल्यों शहरात १८३१ च्या नोव्हेंबरात विणकर उठले. त्यांची मागणी काय होती? विणाईचा किमान दर ठरवून द्यावा, एवढीच. तो दर ऑक्टोबरात ठरलाही होता, पण अनेक व्यापाऱ्यांनी तो मानला नाही. १८३४ मध्ये पुन्हा उठाव झाला आणि तो लष्कराने चिरडला. पेझलीत १८४१ ते १८४३ या मंदीच्या वर्षांत हजारो माणसे धर्मादाय मदतीवर जगली. तेव्हा हा प्रश्न केवळ पौर्वात्य जुलमाचा नव्हता. ज्या वस्तूची मागणी लहरीवर चालते तिच्या कारागिरावर लहरीचे सारे ओझे पडते, हा अनुभव श्रीनगर, ल्यों आणि पेझली या तिन्ही गावांना आला. श्रीनगरच्या विणकरावर त्याखेरीज दागही होता.

२९ एप्रिल १८६५

महाराजा रणबीरसिंगाच्या कारकीर्दीत फ्रान्सची मागणी जोरात होती. फ्रेंच व्यापाऱ्यांचे अडते श्रीनगरात येऊन बसत, आपल्याकडच्या पसंतीच्या नक्ष्या देत आणि माल उचलीत. म्हणजे धंद्याला बरकत होती. विणकराच्या पदरात मात्र तिचा कण पडत नव्हता. दाग-शाल कचेरीचा कारभार त्या वेळी राजा काक धर याच्याकडे होता. २९ एप्रिल १८६५ रोजी विणकर श्रीनगरातील झालदगर येथील मैदानावर जमले. मागण्या साध्याच होत्या : कराचा बोजा कमी व्हावा आणि कचेरीचा जाच थांबावा. सैन्य आले, जमावाला घेरले आणि त्याच्यावर चालून गेले. पळणाऱ्यांपैकी कित्येक जण जवळच्या कूटकोल नाल्यात पडले. अठ्ठावीस माणसे मृत्युमुखी पडल्याची नोंद आहे. पुढारी पकडले गेले आणि तुरुंगात गेले.

शिकागोच्या कामगारांचा प्रसंग १८८६ सालचा. त्याचे स्मरण जग दरवर्षी १ मे रोजी करते. झालदगरचा प्रसंग त्याच्याही एकवीस वर्षे आधीचा, आणि तोही एप्रिलच्या अखेरीचाच. तो काश्मीरबाहेर फारसा कोणाला ठाऊक नाही. पॅरिसच्या दुकानांत त्या वर्षीही शाली विकल्या गेल्या. त्यांच्यावर दागाची मुद्रा होती, आणि मुद्रा म्हणत होती की कर चुकता झालेला आहे.

रॉबर्ट थॉर्प या तरुण इंग्रज लष्करी अधिकाऱ्याने या अवस्थेवर सडेतोड लिहिले. तो १८६८ साली श्रीनगरातच वारला. त्याचे पुस्तक १८७० मध्ये प्रसिद्ध झाले.

गुण कसा उतरला

आता विषयाच्या गाभ्याकडे येऊ. या साऱ्या काळात शालीच्या गुणाचे काय झाले?

प्रथम लक्षात येते ते हे, की कर चुकवण्याची वाट कसबाने स्वतःच काढली. १८०३ साली ख्वाजा युसुफ नावाचा आर्मेनियन अडत्या कॉन्स्टँटिनोपलच्या एका पेढीकडून श्रीनगरात आला. मागावर विणलेल्या नक्षीऐवजी साध्या शालीवर सुईने तशीच नक्षी भरली तर खर्च एक तृतीयांशावर येतो, हे त्याने हेरले. शिवाय मागावरच्या नक्षीचा जबर कर या कामाला लागत नव्हता. या अमलीकार शालींचा धंदा बघता बघता वाढला. वीस वर्षांत श्रीनगरात असे भरतकाम करणारे सुमारे पाच हजार झाले. भरतकाम ही स्वतंत्र आणि सुंदर कला आहे, तिला कमी लेखण्याचे कारण नाही. पण विणकाम सोडून लोक तिकडे वळले ते काही सौंदर्यदृष्टीने नव्हे. जे काम सर्वांत कष्टाचे आणि सर्वांत कसबाचे, त्याच्यावरच दंड बसवला की माणसे दुसरे काम करू लागतात. राज्याला कर हवा होता, आणि तो मिळवण्याच्या रीतीने राज्याने आपल्याच खाणीचे तोंड बुजवायला आरंभ केला.

दुसरी गोष्ट तुकड्यांची. पूर्वी एक शाल एका मागावर वर्ष-दीड वर्ष चाले. मागणीची घाई वाढली तशी एकाच शालीचे तुकडे अनेक मागांवर विणून ते रफूगराकडून जोडण्याची रीत पडली. रफूगराचा हात इतका सफाईदार, की जोड सापडू नये. म्हणून हीही एका अर्थी कलाच. परंतु वेगवेगळ्या मागांवर वेगवेगळ्या ताणाने विणलेले तुकडे एका अंगाने बसत नाहीत, आणि एका हाताची जी एकसंधता शालीत असे ती गेली.

तिसरी गोष्ट भेसळीची. अमृतसरच्या मालात किर्मानची हलकी लोकर मिसळू लागली. पुढे काश्मिरी मालाविषयीही अशा तक्रारी आल्या. नव्या रासायनिक रंगांनी जुन्या वनस्पतिजन्य रंगांची जागा घेतली. १८६० नंतरच्या दशकातील व्यापारी शालीचा पोत उतरल्याची तक्रार करतात. त्यांनी दोष विणकराच्या आळसाला आणि लबाडीला दिला. पण ज्याच्या मजुरीत चांगल्या कामाचा आणि वाईट कामाचा भेद उरलेला नाही, त्याने चांगले काम का करावे? कारखाना सोडता येत नाही, गाव सोडता येत नाही, उचल फिटत नाही. अशा माणसाच्या हाती आपला असंतोष व्यक्त करायला एकच जागा राहते, आणि ती म्हणजे त्याचे काम.

शेवट झपाट्याने आला. १८७०-७१ साली फ्रान्स आणि प्रशिया यांचे युद्ध झाले आणि पॅरिसची पेठ बसली. त्याच सुमारास स्त्रियांच्या पोशाखाची ठेवण बदलली. मागे फुगवटा असलेल्या नव्या झग्यांवर मोठी शाल शोभेना. यंत्रमागाच्या स्वस्त नकलांनी शालीची प्रतिष्ठाही उतरवली होती. मागोमाग १८७७ ते १८७९ चा भयंकर दुष्काळ काश्मिरात पडला. शेतकऱ्याजवळ निदान जमीन होती. विणकराजवळ मागाखेरीज काही नव्हते, आणि माग खाता येत नाही. शंभर वर्षे ज्याच्या श्रमातून तिजोरी भरली त्याच्या घरात दोन वर्षे तग धरण्याइतकीही शिल्लक नव्हती. विणकर फार मोठ्या संख्येने मेले आणि त्यांच्याबरोबर तालीम वाचण्याची विद्या बहुतेक गेली. जे कारखानदार उरले ते गालिच्यांकडे वळले.

एक आक्षेप

येथे जाणता श्रोता आम्हांस अडवील आणि म्हणेल, "संग्रहालयांतून ठेवलेल्या उत्तमोत्तम शाली याच जुलमाच्या काळातल्या आहेत. मग जुलमाने गुण नष्ट होतो हे विधान कसे टिकते?"

आक्षेप रास्त आहे. अफगाणांच्या आणि शिखांच्या अमदानीतील काही शाली खरोखरच अप्रतिम आहेत. जुलूम होता आणि गुणही होता, हे मान्य केलेच पाहिजे. पण जंगल तोडणाऱ्यालाही पहिली काही वर्षे भरघोस लाकूड मिळते. त्या लाकडाकडे बोट दाखवून कोणी म्हणू लागला, की पाहा, तोडीमुळे जंगलाचे काही बिघडले नाही, तर आपण त्याला काय म्हणू? जी झाडे तो तोडीत आहे ती त्याच्या आज्याच्या काळी रुजलेली असतात. कसबाचे तसेच आहे. मागील पिढ्यांनी साठवलेले एक पिढी काही काळ उधळू शकते. तोटा दिसू लागतो तेव्हा नवे रोपच उरलेले नसते.

दुसरे उत्तर अधिक महत्त्वाचे आहे. समजा, गुण उतरलाच नसता. समजा, शाली अखेरपर्यंत तितक्याच देखण्या निघाल्या असत्या. तर झालदगरची अठ्ठावीस माणसे मेली ते योग्य ठरले असते काय? कारागिराला नीट वागवा, म्हणजे माल चांगला येईल, हा उपदेश व्यवहाराचा आहे आणि तो खराही आहे. पण न्यायाचा सारा डोलारा त्या एका खांबावर उभारता येत नाही. माणसाला नीट वागवायचे ते तो माणूस आहे म्हणून. चांगला माल हा त्याचा आनुषंगिक लाभ समजावा. आरंभी आम्ही ज्या तिसऱ्या उत्तराचा उल्लेख केला ते असे आहे : वस्तूचा उत्तमपणा हा कारागिराच्या सुखाचा पुरावा नव्हे आणि त्याच्या दुःखाचाही नव्हे. त्याचा शोध वेगळा घ्यावा लागतो. आणि तो घ्यायची जबाबदारी उत्तमपणाचे कौतुक करणाऱ्यावर इतरांपेक्षा अधिक आहे.

आजची मुद्रा

ही सारी हकीकत जुनी झाली, असे समाधान मानण्यास जागा नाही. जून २०२४ मध्ये मिलान येथील न्यायालयाने दिऑर या प्रसिद्ध फ्रेंच पेढीच्या इटलीतील एका उत्पादक कंपनीवर न्यायालयीन देखरेख बसवली. त्याआधी एप्रिलमध्ये अरमानी पेढीच्या एका कंपनीवरही तीच पाळी आली होती. मुख्य पेढीने काम एका ठेकेदाराला द्यावे, त्याने ते दुसऱ्याला द्यावे, आणि शेवटच्या कारखान्यात कामगारांनी रात्रंदिवस राबून तेथेच झोपावे, असा प्रकार तपासात आढळला. काम लवकर उरकावे म्हणून यंत्रांवरील सुरक्षेची साधने काढून टाकलेली होती. एका पिशवीच्या जुळणीसाठी, कातड्याचा खर्च सोडून, ५३ युरो दिले जात, आणि तीच पिशवी दुकानात सुमारे २६०० युरोंना विकली जाई, असा आकडा कागदपत्रांतून बाहेर आला. या कंपन्यांवर फौजदारी आरोप नव्हता. ठेकेदारांवर देखरेख ठेवण्यात त्या कमी पडल्या, असे न्यायालयाचे म्हणणे होते. कंपन्यांनी आपली व्यवस्था सुधारल्यानंतर २०२५ च्या आरंभी ही देखरेख उठली. पुढे त्याच वर्षी जुलैमध्ये लोरो पियाना या पेढीवर अशीच देखरेख आली. ही पेढी कशासाठी नावाजलेली आहे? कॅशमीर लोकरीच्या वस्त्रांसाठी. काश्मीरचे नाव आता जगभर लोकरीचे नाव होऊन बसले आहे. ती लोकर बहुतांशी चीन आणि मंगोलियातून येते, आणि तिच्यामागे तोच जुना प्रश्न आहे.

आपल्यालाही हा प्रश्न दूरचा नाही. ३० मार्च २०२३ रोजी दिऑरने आपल्या वस्त्रांचे प्रदर्शन मुंबईत गेटवे ऑफ इंडियासमोर भरवले. पॅरिसच्या अनेक पेढ्यांचे जरदोजीचे आणि आरीचे भरतकाम मुंबईच्या कारागिरांकडून वर्षानुवर्षे होत आले आहे, आणि त्या निमित्ताने त्यांच्या कलेला जाहीर मान मिळाला, ही आनंदाची गोष्ट होय. मात्र कलेचा मान आणि कारागिराची मजुरी या दोन वेगळ्या बाबी आहेत, हे काश्मीरच्या इतिहासाने आपणांस शिकवलेले आहे.

काश्मिरात आज पुन्हा तालमीवरून विणकाम होते. कानिहामा गावाचे नाव त्यासाठी घेतले जाते. २००८ साली 'काश्मीर पश्मिना'ला भौगोलिक मानांकन मिळाले. लोकर अस्सल आहे, सूत हातचे आहे, वीण हातमागाची आहे, याची तपासणी करून शालीला खुणेची चिठ्ठी लावता येते. यंत्राच्या सुताने आणि यंत्रमागाच्या मालाने हातांचे काम हिरावले जात असताना ही सोय मोलाची आहे. आपण सत्कारात ज्या शाली देतो त्या बहुधा यंत्रमागाच्याच असतात, हे सांगायला नको.

तरी जुन्या आणि नव्या मुद्रेचा हिशेब एकदा मांडून पाहावा. दागाची मुद्रा सांगत होती, की सरकारचे देणे चुकते झाले. 'इटलीत तयार झाले' ही अक्षरे सांगतात, की माल कोणत्या देशात झाला. मानांकनाची चिठ्ठी सांगते, की वस्तू अस्सल आहे. यांपैकी एकही मुद्रा हे सांगत नाही, की सूत काढणारीला तिच्या दिवसाचे काय मिळाले, विणकराला उचल फेडून दुसरा मालक धरता येतो की नाही, आणि मागणी बसली तर त्याच्या घरात पुढच्या हंगामापर्यंत धान्य आहे की नाही. हे तीन प्रश्न विचारायला अर्थशास्त्राचा पंडित असावे लागत नाही. दुकानदाराला उत्तर ठाऊक नसेल, त्याच्या व्यापाऱ्यालाही नसेल. पण गिऱ्हाईक विचारू लागले म्हणजे व्यापारी माहिती ठेवू लागतो. विणीतील दोष शोधताना आपण शाल उलटी करून पाहतो. त्याच वेळी हेही विचारावे.